आत पडून राहिलेली ओळ

"रविवारी दुकानाची गाडी सकाळी लागेल की दुपारी, एवढंच विचारायचं होतं," चष्म्याचा दुकानदार फोनवर म्हणाला, आणि ती म्हणाली, "सकाळीच बरी." कसली गाडी, कशाला लागणार, रविवारी काय आहे, यातलं तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. पण समोरच्याचं बोलणं जिथे टेकेल तिथे आपलं चिकटवून मोकळं व्हायचं, ही तिची जन्माची खोड. दुकानदार खूश झाला. "तुमचे भाऊ लेन्सवाल्याकडे गेलेत, फोन काही उचलत नाहीत, म्हटलं ताईंनाच विचारावं. खोली तशी लहान आहे हो, पण उजेड भरपूर. मी स्वतः जाऊन बघून आलो. एकट्या माणसाला आणखी काय लागतं?" ती म्हणाली, "हो ना." मग तो बराच वेळ बोलत राहिला. दादा हल्ली आतल्या खोलीत काचा घासण्याऐवजी अर्धा दिवस काउंटरवरच असतो, गिऱ्हाईकं त्याच्याच हातून फ्रेम बसवून घ्यायला बसून राहतात, परवा त्यांच्याकडे जेवायला आला होता तेव्हा त्याला टोमॅटो चालत नाही हे ऐनवेळी कळलं आणि बायकोची धांदल उडाली. "तुम्ही आधी सांगितलं असतंत तर," दुकानदार हसत म्हणाला. तीही हसली. फोन ठेवला तेव्हा तिचा कान गरम झाला होता, आणि ऑफिसच्या टेबलावरचा चहा गार.

टोमॅटो चालत नाही. ती या तीन शब्दांपाशीच अडकली, खोलीपर्यंत पोचायला तिला वेळ लागला. दादाला टोमॅटोचं सूप आवडतं हे ती जगाला सांगत आली होती. हॉटेलात वेटर वहीवर पेन टेकवून उभा राहिला, दादाने "मला..." म्हणून ओठ आवळले की ती म्हणायची, "याला टोमॅटो सूप." वेटर निघून जायचा, दादाची मान खाली जायची, सूप यायचं, दादा ते प्यायचा. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा. आवडत नसेल तर माणूस असं पितो का? आणि खोली. खोली म्हणजे काय? आईवडील गेल्यावर दोघं भावंडं त्याच घरात राहिली. त्याची झोपायची खोली गॅलरीकडची, तिची रस्त्याकडची, मधे स्वयंपाकघर. कोणी कोणाला सांभाळायचं हे ठरवावं लागलं नाही. बोलण्याची कामं तिची आणि हाताची कामं त्याची, अशी वाटणी आपोआप पडली. नळ गळला तर दादा, नळवाल्याशी भांडायचं तर ती. तिचं लग्न झालं नाही आणि त्याचंही झालं नाही. त्याची कारणं विचारणारे नातेवाईक आता थकले, म्हणून ती सांगत बसायचं कारण नाही. आज सकाळीसुद्धा दादा गॅसपाशी उभा राहून म्हणाला होता, "रविवारी मी..." आणि मान किंचित वर करून थांबला होता, तो थांबतो तसा. ती चप्पल घालता घालता म्हणाली होती, "रविवारी तुला सुट्टी, माहीत आहे रे मला, माळ्यावरचं सगळं खाली काढायचंय." दादा म्हणाला, "हं." सगळं खाली काढायचंय. तेव्हा तिला आपल्या बोलण्याचं समाधान वाटलं होतं. जगाला कळलं आणि घरात नाही. चष्म्याच्या दुकानदाराला कळलं, त्याच्या बायकोला कळलं, गाडीच्या ड्रायव्हरला कळलं असेल. सख्ख्या बहिणीला मात्र पत्ता नाही. तिला राग आला, आणि राग आला याचं बरं वाटलं, कारण रागाच्या खाली जे होतं ते तिला बघायचं नव्हतं.

तेवढ्यात टेस्टिंगवाली येऊन उभी राहिली. कंपनी हवेच्या टाक्या बनवायची, आणि प्रत्येक टाकीत दाबाने हवा भरून ती फुटते का टिकते हे बघायचं काम खालच्या शेडमधल्या या बाईकडे होतं. टाकीवर नजर ठेवणारा आणि पंपाला हुकूम देणारा प्रोग्राम तिने, म्हणजे आपल्या या ताईंनी, सी भाषेत लिहिलेला. काळ्या पडद्यावर दाबाचे आकडे सरकत राहायचे, आणि त्याच पडद्यावर टेस्टिंगवालीने एकेक ओळ लिहून हुकूम सोडायचा. भर. थांब. सोड. साधं काम. "तुमचा प्रोग्राम एक ओळ मागे राहतो," टेस्टिंगवाली म्हणाली. तिच्या बाहीवर काळं तेल होतं, आणि चेहऱ्यावर, घसा फोडून ओरडून झाल्यावर माणूस शांत होतं तसली शांतता. "मी दोन ओळी धाडल्या. भर, आणि थांब. भरायला लागला. थांबेचना. दाब चढतोय चढतोय, मी परत धाडलं सोड, तेव्हा कुठे याला आधीचं थांब आठवलं. तोवर नळी सुटली आणि डायलच्या काचेवर बसली. मी मेन स्विच ओढला म्हणून." कोणाला लागलं का, असं विचारायच्या आधीच तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमची ओळ पोचली नसेल. वायर बघा." "वायर बघितली. मला पुरं बोलू द्याल का?" टेस्टिंगवाली म्हणाली. "ओळ पोचली होती. पोचली नसती तर नंतर आठवली कुठून?"

पुरं बोलू द्याल का. एका सकाळीत माणसाने किती ऐकून घ्यायचं? ती खाली जाऊन फुटलेली काच बघून आली, कोणाला लागलेलं नाही हे दोनदा विचारून खात्री करून घेतली, वर येऊन खुर्चीत बसली, उठली, पाणी प्यायली, परत बसली. स्क्रीनवर आपलाच जुना कोड उघडला. हा प्रोग्राम पहिल्यांदा लिहिला तेव्हा तो फार आज्ञाधारक होता. ओळ वाचायची म्हटलं की वाचायलाच बसायचा. समोरच्याने एंटर दाबेपर्यंत हा जागचा हलायचा नाही, दाबाचे आकडे गोठलेले, पंप आपल्या तालात, आणि हा दारात उंबऱ्यावर बसून कोणाच्या तरी एका ओळीची वाट बघतोय. तिला तो पहिल्या दिवशीच असह्य झाला होता. एका माणसाला शब्द सुचेना म्हणून सगळ्या जगाने थांबायचं? मग तिने तो सुधारला. वाट बघायचीच नाही. प्रत्येक फेरीला दाराशी जाऊन विचारायचं, कोणी आलंय का? पोल नावाची सोयच आहे तशी. आलं नसेल तर क्षणभरही न थांबता पुढच्या कामाला लागायचं, आलं असेल तर एफगेट्स नावाच्या हरकाम्याला सांगायचं, एक ओळ आत घेऊन ये. झालं. सगळ्यांनी तेव्हा वाखाणलं होतं. आजवर एक तक्रार नाही. आता ती त्या चार-पाच ओळी पुन्हा पुन्हा वाचत होती आणि तिला त्यात काही म्हणता काही खोट दिसत नव्हती, उलट त्या वाचताना जुनाच एक उकाडा आठवत होता. बसच्या तिकिटाची खिडकी, आईने दादाच्या मुठीत ठेवलेली नाणी, आणि मागे रांग. ती खिडकीच्या कठड्याला जेमतेम पोचायची. दादाने थांब्याचं नाव घ्यायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. आतला माणूस बोटांनी लाकूड वाजवायला लागला. मागून कोणीतरी हसलं, कोणीतरी म्हणालं, आटपा की. आईने खाली वाकून तिच्या कानात सांगितलं, "तू सांग गं." तिने सांगितलं, खणखणीत. तिकिटं आली, रांग हलली, आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. दादाच्या चेहऱ्यावर सुटका दिसली होती. सुटकाच होती ती. तिच्या सगळ्या आयुष्याचं भांडवल म्हणजे ती सुटका. तिने आज ते तोंड पुन्हा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला आणि तिला फक्त त्याची मान दिसली, खिडकीकडून वळलेली.

गंमत म्हणजे चुकीचं जोडलं तरी दादा मान डोलवायचा. ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती असं म्हणवत नाही, पण ठाऊक असून तिने तिच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. मागच्या महिन्यातच तो जेवताना म्हणाला होता, "मी काल एक..." आणि ती म्हणाली होती, "पिक्चर बघितलास? बरं केलंस. कुठला?" दादाने मान डोलवली. कोणाबरोबर गेलास, दुकानदाराबरोबर का, मग दुकान कोणी बघितलं, मधल्या वेळात बंद असतं नाही का, असे प्रश्न तिनेच विचारले आणि उत्तरंही तिनेच दिली, जेवण कसं छान गप्पांत झालं. मी काल एक. काय एक? खोली बघितली. मी काल एक खोली बघितली, असं त्याला म्हणायचं होतं, दुसरं काय असणार. आणि त्यानंतर दोन दिवसांनी तो खरोखरच पिक्चरला गेला होता. येऊन म्हणाला होता, ठीक होता. तेव्हा तिला वाटलं, लागोपाठ दोन पिक्चर, मजा आहे बुवा एका माणसाची. आता खुर्चीत बसल्या बसल्या तिला ते जुळलं. बहिणीच्या तोंडून निघालेलं खोटं पडू नये म्हणून हा माणूस तिकीट काढून, अंधारात अडीच तास बसून आला. मोठ्याने बोलून दाखवलं तर हसू येईल अशी ही गोष्ट. तिला हसू येत नव्हतं. तिला अशी लाज वाटली की तिने आजूबाजूला पाहिलं, कोणी आपल्याकडे बघतंय का.

दुपारी तिला कोंडल्यासारखं झालं. "जरा खाली जाऊन येते," असं कोणालाच उद्देशून न म्हणता ती जिना उतरली आणि रस्त्याने चालत सुटली. ऊन होतं. औषधाचं दुकान, किल्ल्या बनवणारा, केस कापायचं दुकान, तिथे खुर्चीत मान टाकून बसलेला एक म्हातारा. सिग्नलला माणूस हिरवा होईपर्यंत तिला थांबवेना, ती दोनदा फुटपाथवरून खाली उतरली आणि दोनदा परत चढली. चालता चालता तिने संध्याकाळची तयारी केली. मी म्हणेन, दादा, मला आधी सांगायचं नाहीस का? तो म्हणेल, सांगणार होतो. मी म्हणेन, त्रास होतो का तुला माझा? तो म्हणेल, तसं नाही गं. मी म्हणेन, मग कसं? तो गप्प बसेल. मी म्हणेन, अरे, खोली घेऊन राहणं म्हणजे खेळ आहे का, मालकाशी बोलावं लागतं, वीजवाला येतो, शेजारी येतात, रात्री दुखलंखुपलं तर फोन कोण करणार? तो म्हणेल, खरं आहे. मी म्हणेन, मग राहा की इथेच. तो म्हणेल, बरं. सिग्नलपासून वळणापर्यंत दोन्ही बाजूंचं बोलणं तिने चोख बसवलं, दादाचीसुद्धा वाक्यं थोडी सुधारून घेतली, आणि वळणावर तिच्या लक्षात आलं की आपण काय करतोय. ती एका बंद शटरला पाठ लावून उभी राहिली. दादाचं कसं होईल, याचं तिला मुळात पडलेलंच नव्हतं. त्याचं बरं चाललं होतं. काउंटरवर गिऱ्हाईकं त्याच्यासाठी थांबतात म्हणे. चष्म्याच्या दुकानात कोणाला घाई असते? माणसं आरशात स्वतःला बघत बसतात, त्यांना एखादं वाक्य उशिरा आलं तर चालतं. प्रश्न होता तो तिचा. रविवारी संध्याकाळी कुलूप उघडून ती आत जाईल आणि कोणाच्या वतीने बोलेल? तिला भीती वाटत होती. सरळ, नागडी भीती, एवढ्या मोठ्या बाईला वाटू नये अशी.

परत येऊन तिने तोंडावर पाणी मारलं आणि कामाला लागली, कारण कामाला लागलं की निदान विचार तरी थांबतात. आधी टेस्टिंगवालीला फोन करून विचारलं, "तुम्ही ओळी हाताने लिहिल्या होत्या का?" आणि मग जीभ दातांखाली धरून बसली. पलीकडे बराच वेळ मशिनांचा आवाज आला. "नाही," टेस्टिंगवाली म्हणाली. थांबली. हिने जीभ आणखी घट्ट धरली. "रोज तेच तेच लिहून बोटं दुखतात. या आठवड्यापासून मी एक छोटी फाईल केली. त्यातूनच ओळी जातात पाईपने." हे जर आधी विचारलं असतं. हाताने लिहिताना टर्मिनल, म्हणजे तो काळा पडदा, मधे असतो. तो मोठा शिस्तीचा प्राणी, लिहिणाऱ्याने एंटर दाबेपर्यंत त्याची अर्धी ओळ कोणाला दाखवत नाही, खोडायची मुभा देतो, आणि देतो तेव्हा एका वेळी एकच ओळ हातात ठेवतो. पाईप म्हणजे फाईलमधलं थेट प्रोग्रामच्या तोंडात नेणारा रस्ता, त्याला असलं काही वळण नाही, आलं तेवढं सगळं एकदम ओतून टाकतो. तिने टेस्टिंगवालीसारखीच फाईल केली, दोन ओळी एकदम सोडल्या. पहिली पाळली गेली. दुसरीचा पत्ता नाही. प्रोग्राम फेरीमागून फेरी दाराशी जाऊन विचारत होता, आलंय का कोणी, आणि दार इमानदारीने सांगत होतं, कोणी नाही. खरंच कोणी नव्हतं. कारण दुसरी ओळ दारात नव्हतीच, केव्हाच आत आली होती. एफगेट्स पहिली ओळ आणायला गेला तेव्हा जे पुढ्यात होतं ते सगळंच उचलून घेऊन आला, त्यातली पहिली ओळ हातात दिली आणि दुसरी आपल्या खिशात, बफरात, ठेवून दिली. पुन्हा मागितली असती तर त्याने लगेच काढून दिली असती. पण मागणार कोण? पहिली ओळ मिळाल्याबरोबर हा आपला कामाला पळाला, आणि नंतर दारावर चौकशी करत राहिला. ओळ पोचलेली, घरातच, स्वतःच्याच खिशात, आणि हा बाहेर डोकावून म्हणतोय, छे, काही आलंच नाही.

तिने हात कीबोर्डवरून उचलून मांडीत घेतले. बाहेर कोणीतरी प्रिंटरला शिव्या घालत होतं. तिच्या आत कुठेतरी दादाची वाक्यं पडली होती, ती काय हरवली नव्हती, सगळी पोचली होती, हे तिला आत्ता, इतकं स्वच्छ कळत होतं की ते थांबवता येईना. एकामागून एक वर यायला लागली. मला काउंटरवर बरं. तू नसताना मी फोनवर. मला वाटतं आपण दोघं. प्रत्येकाला तिने काहीतरी शेपूट जोडून दिलेलं, बरं वाटतं म्हणून सांगतोस ना, फोनवर कोणाचा मेसेज आला होता का, दोघं मिळून कुठेतरी जाऊ या म्हणतोस, जाऊ की, उन्हाळ्यात जाऊ. तिची शेपटं काढून टाकली तर खाली राहत होतं ते अर्धंच. उरलेलं अर्धं त्याच्याजवळ होतं. ते आता कितीही खणलं तरी तिच्यात सापडणार नव्हतं, आणि अंदाजाने जोडायला गेलं तर पुन्हा तेच. तिला वाटलं आत्ता दुकानात फोन करावा. केला नाही.

दुरुस्ती तशी फार मोठी नव्हती. एफगेट्स काढून टाकला. त्याच्या जागी आणलेल्या, खिसा नसलेल्या रीडने जे येईल ते येईल तसं घ्यायचं आणि स्वतःच्या नजरेसमोर साठवायचं. दाराशी जायच्या आधी हे साठवलेलं बघायचं, त्यात पूर्ण ओळ आहे का? असेल तर ती पाळायची, आणखी असेल तर तीही, एकही पूर्ण ओळ शिल्लक ठेवून उठायचं नाही. अर्धी ओळ असेल तर तिला हात लावायचा नाही. अर्ध्या ओळीवरून काही करायचं नाही, काही ताडायचं नाही, ती तशीच राहू द्यायची आणि मधल्या वेळात दाबावर लक्ष ठेवायचं. हे शेवटचं लिहिताना ती दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा लिहिलं आणि ते चाललं. ती खाली शेडमध्ये गेली. टेस्टिंगवालीने नवी नळी बसवली होती. तिने दोन ओळी एकदम सोडल्या, पंप घुरघुरला आणि थांबला. मग तिने पाच सोडल्या, मग मुद्दाम एक अर्धीच सोडून हाताची घडी घालून उभी राहिली. पडद्यावर आकडे सरकत होते, प्रोग्राम काही करत नव्हता. "ऐकतोय का झोपला?" टेस्टिंगवालीने विचारलं. "ऐकतोय," ती म्हणाली. टेस्टिंगवालीने उरलेली अर्धी सोडली. टाकीतून हवा सुटल्याचा आवाज आला. "बरं झालं," टेस्टिंगवाली म्हणाली आणि तिने बाहीने पडदा पुसला. तिला उगाचच या बाईला सगळं सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार, माझा भाऊ घर सोडून चाललाय आणि का, ते मला तुमच्या नळीमुळे कळलं? ती वर आली, पिशवी उचलली आणि निघाली.

दादा घरी आधीच आला होता. बाहेरच्या खोलीत जमिनीवर पुठ्ठ्याची खोकी, माळ्यावरून काढलेल्या वस्तूंची धूळ, आणि त्यात मांडी घालून बसलेला तो, चष्म्याच्या, घासायला घरी आणलेल्या काचा एकेक करून मऊ कापडात गुंडाळत. त्याने वर बघितलं. दुकानदाराने त्याला सांगितलं असणार, कारण त्याच्या तोंडावर लपवाछपवी नव्हती, नुसती तयारी होती, इंजेक्शन घ्यायला बाही वर करून बसलेल्या माणसाची असते तशी. ती समोरच्या खोक्यावर बसायला गेली, ते दबलं, मग ती जमिनीवरच बसली. "दुकानदारांचा फोन आला होता," ती म्हणाली. एवढं म्हणून ती थांबली, आणि हे थांबणं किती अवघड असतं याची तिला खरोखर कल्पना नव्हती. दादाने कापड खाली ठेवलं. "मी," तो म्हणाला. मग त्याचे ओठ मिटले, हनुवटी वर गेली, गळ्याची शीर ताठ झाली. तिच्या डोक्यात वाक्यं धावून आली. मी तुला सांगणार होतो. मी कंटाळलो. मी चुकलो. मी काय करू. एकापेक्षा एक तयार, कुठलंही उचला आणि लावा. तिने गालाचं आतलं मांस दातांत धरलं. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. तिला वाटलं, हा आता बोलणारच नाही, काहीतरी झालंय, पाणी द्यावं का? तिने पाणी दिलं नाही.

"मी बाहेर अडखळतो," दादा म्हणाला. मधे एवढा वेळ गेला होता की वाक्य आलं तेव्हा ती दचकली. ते संपलेलं नव्हतं. तो अजून तिच्याकडेच बघत होता, आणि ती बघत होती, आणि मग उरलेलं आलं, तुकड्यातुकड्याने, एकेक तुकडा जागेवर ठेवल्यासारखा. "घरात मी बोलतच नाही."

"असं काय म्हणतोस, रोज तर आपण..." ती म्हणाली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. रोज तर आपण. रोज त्या घरात गप्पा होत असत, हे खरंच होतं. दोन आवाजांच्या असत, आणि दोन्ही आवाज तिचे. तिचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत, कारण पुसले असते तर त्याने विषय संपवला असता, तो तसाच आहे. "तुला राग आहे का माझा?" तिने विचारलं. हा प्रश्न तिने दुपारी पाठ केलेल्यातला नव्हता. दादाने विचार केला. खरोखरच विचार केला, आणि तिला तो संपेपर्यंत थांबावं लागलं. "होता," तो म्हणाला. "काउंटरवर बसायला लागल्यावर... गेला." मग बऱ्याच वेळाने, "तू वाईट नाहीस. तू फार... लवकर आहेस." यावर ती रडता रडता हसली आणि तोही हसला, नाकाने, आवाज न करता, लहानपणी हसायचा तसा.

त्याने पुन्हा काचा गुंडाळायला घेतल्या आणि तिने कापडाचे चौकोन फाडून द्यायला. बाहेर अजून उजेड होता. तिला कितीतरी विचारायचं होतं, भाडं परवडतं का, स्वयंपाकाचं काय, रात्री एकट्याला झोप लागेल का, आणि गेल्याशिवाय चालणार नाही का. शेवटचं विचारायची तिची टाप नव्हती, कारण उत्तर तिला येत होतं, आणि या खेपेला ते जोडलेलं नव्हतं, त्याच्या हातांतून दिसत होतं. तो भराभर, आनंदाने खोकी भरत होता. "रविवारी," दादा म्हणाला, "तू..." आणि अडला. येऊ नकोस, तिच्या मनाने म्हटलं. इतक्या सहज, इतक्या खात्रीने म्हटलं की ते तिला लागलं, जणू त्यानेच म्हटलं. तिने कापड फाडायचं थांबवलं. "तू ये," दादा म्हणाला. "सामान लावायला. पण खाली... मालकीणबाई राहतात. व्यवहार सगळा दुकानदारांनी बघितला. बाईंनी मला अजून... नुसतं बघितलंय. माझं नाव त्यांना... मी सांगणार आहे."

"मी नाही सांगणार," ती म्हणाली.

"सांगशील."

"नाही रे. शप्पथ."

दादाने तिच्याकडे असं बघितलं की शपथेचा काही उपयोग नव्हता हे दोघांनाही कळलं. मग त्याने हातातली काच बाजूला ठेवली, पाठ सरळ केली आणि दाराकडे तोंड करून बसला, जणू दारात बाई उभ्या आहेत. "बघ," तो म्हणाला. त्याने डोळे मिटले. त्याच्या नावाचं पहिलंच अक्षर त्याचा हाडवैरी होतं, हे तिला माहीत होतं. ते अक्षर कुठल्या शब्दात आलं तरी तो वाट वाकडी करून दुसऱ्या शब्दाने जायचा, पण नावाला दुसरी वाट नसते. त्याचे ओठ त्या अक्षरासाठी जुळले आणि जुळलेलेच राहिले. कपाळावर रक्त चढलं. बोटं गुडघ्यात रुतली. तिच्या जिभेवर ते नाव आडनावासकट उभं होतं. शाळांत, दवाखान्यांत, खिडक्यांवर, फोनवर तिने ते इतक्यांदा घेतलं होतं की तिला ते आपलंच वाटायचं. एक श्वास सोडायचा अवकाश होता. तिचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले होते आणि धुळीत त्यांचे ठसे उमटत होते. दादाचं तोंड थरथरलं, थांबलं, पुन्हा सुरुवातीला गेलं. ती बसून राहिली. तिला काही येत नव्हतं, फक्त बसून राहता येत होतं, आणि तेसुद्धा जेमतेम.

मग नाव आलं. पहिलं अक्षर तीनदा फुटून आलं आणि त्याच्यामागून बाकीचं सगळं, आडनावापर्यंत. ते तिच्या तोंडी वाजायचं त्याहून जाड होतं, जरा खालच्या पट्टीतलं, शेवटाला थोडं ओढलेलं. हे नाव त्याच्या आवाजात कसं वाजतं ते तिला माहीत नव्हतं. सख्खी बहीण, एका घरात जन्म गेला, आणि माहीत नव्हतं. दादाने डोळे उघडले नाहीत. त्याने श्वास घेतला आणि दारात नसलेल्या त्या बाईंना, आता कुठेही न अडता, पुढचं सांगितलं.

"आणि ही माझी बहीण. सामान लावायला आली आहे. संध्याकाळी तिच्या घरी जाईल."